मैत्रीण म्हणते, "साडेसातपर्यंत मी ऑफिसातच होते असं सांग"

ताई, तुमचं पत्र बरंच लांब आहे आणि त्यातलं ओळख पटेल असं सगळं मी गाळून टाकलंय, बाकीच्यांना कळावं म्हणून प्रकरण थोडक्यात सांगते. नागपुरात सेंट्रल एव्हेन्यूवर सिमेंट-लोखंडाची मोठी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, घराणं पैशावालं, रामदासपेठेत बंगला, काटोल रोडला फार्महाऊस. थोरले सेठजी फार्महाऊसवर मेलेले सापडले, आधी सगळे म्हणाले जिन्यावरून पडले, मर्ग म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद झाली, मग मेडिकलमधून (सरकारी दवाखान्यातून) पीएम म्हणजे शवविच्छेदनाचा रिपोर्ट आला त्यात गळा दाबल्याचं निघालं आणि प्रकरण खुनाचं झालं. संशय धाकट्या मुलावर आणि पुतण्यावर. तुम्ही अकाउंट्सला, मैत्रीण धाकट्या साहेबांची सगळी कामं पाहते, दोघींची टेबलं समोरासमोर, डबा एकत्र. त्या दिवशी पाचच्या सुमाराला ती धाकट्या साहेबांच्या गाडीत बसून गेली हे तुम्ही खिडकीतून पाहिलं. आता ती म्हणून राहिली की पोलिसांना सांग मी साडेसातपर्यंत तुझ्यासोबत बँक रिकन्सिलिएशन करत बसले होते. आणि तुम्ही पत्राच्या शेवटी, जवळजवळ जाता जाता लिहिलंय की सेठजी गेल्यानंतर तीन दिवसांनी तिच्याच सांगण्यावरून ड्रायव्हरच्या ४०,००० रुपये ॲडव्हान्सचं व्हाउचर तुम्ही टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) आधीच्या तारखेत टाकलं, तेव्हा खुनाचं काही माहीत नव्हतं.

ताई, तुम्ही विचारलं साडेसातचं, पण तुमची खरी अडचण ते व्हाउचर आहे. त्याच्याकडे येतेच, आधी साडेसातचं संपवते कारण त्यात फार काही ठरवण्यासारखं नाही.

नाही सांगायचं. एवढंच. तुमच्या पोटातलं मला कळते, ती एकटी आहे, तिच्या घरी म्हातारी आई आहे, तिनं तुमच्या डिलिव्हरीच्या वेळी रात्रभर मेडिकलच्या बाकड्यावर काढली, हे सगळं तुम्ही लिहिलंय आणि ते खोटं नाही. पण तुम्हाला वाटते की खोटं बोलून तुम्ही स्वतः धोक्यात याल आणि ती वाचेल, तर तसं होत नाही हो, दोघीही जाल आणि ती तुमच्यापेक्षा जास्त जाईल. खुनाच्या तपासात पोलीस आजकाल माणसाच्या तोंडावर फार विसंबत नाहीत, मोबाईलचं टॉवर लोकेशन काढतात, काटोल रोडवरच्या पेट्रोल पंपांचे, दुकानांचे कॅमेरे तपासतात, गाडीचा फास्टॅग पाहतात, तुमच्या ऑफिसात अंगठ्याची हजेरी असेल तर तीही. समजा तिचा फोन सहा वाजता फार्महाऊसच्या टॉवरवर आहे आणि तुम्ही म्हणता ती माझ्यासमोर बसून बँकेच्या एन्ट्र्या जुळवत होती. आतापर्यंत ती साहेबांसोबत गाडीत गेलेली एक नोकरदार बाई होती, कदाचित बंगल्याच्या गेटवरच उतरून ऑटोनं घरी गेली असेल, कोणाला माहीत. तुमच्या खोट्यानंतर ती लपवाछपवी करणारी बाई झाली. सुप्रीम कोर्टानं १९८४ मध्ये शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात परिस्थितीजन्य पुराव्याचे नियम घालून दिले, अजूनही रोज कोर्टात तोच निकाल काढतात, त्यात आहे की बाकीची साखळी पुरी झाली असेल तर आरोपीचं खोटं स्पष्टीकरण ही त्या साखळीतली आणखी एक कडी धरता येते. त्याच निकालात हेही आहे की संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याच्या जागी चालत नाही. म्हणजे आज तिच्याविरुद्ध नुसता संशय असेल तर तो संशयच राहू द्या, त्यात स्वतःच्या हातानं कडी जोडू नका.

तुमच्या बाजूनं पाहिलं तर खुनासारख्या फाशीपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यातल्या माणसाला वाचवायला जाणूनबुजून खोटी माहिती देणं हे भारतीय न्याय संहितेच्या (आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम २३८ मध्ये येते, सात वर्षांपर्यंत. आणि खुनाच्या प्रकरणात पोलीस महत्त्वाच्या साक्षीदाराला मॅजिस्ट्रेटसमोर नेतात, नागरिक सुरक्षा संहितेचं (नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं) कलम १८३, जुनं १६४, तिथं बयान शपथेवर होते, तिथं खोटं बोललात तर खोट्या साक्षीचं प्रकरण वेगळं.

तुम्ही विचारलंय की मैत्रिणीनं विश्वासानं सांगितलेलं मी पोलिसांना सांगायलाच पाहिजे का. नवरा-बायकोमधलं बोलणं कायदा झाकतो, वकील आणि पक्षकारामधलं झाकतो. मैत्रीला असं काही संरक्षण नाही, कितीही जुनी असो. पण इथं एक गोष्ट नीट समजून घ्या कारण हीच तुमच्या कामाची आहे. तुम्ही जे डोळ्यांनी पाहिलं आणि स्वतःच्या कानांनी ऐकलं तेवढंच सांगायचं. ती पाचच्या सुमाराला गाडीत बसली, हे पाहिलं. ती घाबरलेली दिसत होती का? दिसत असेल तर सांगा, नसेल तर "मला तसं काही जाणवलं नाही". तिला सगळं माहीत असेल असं वाटते का? हे तुम्हाला माहीत नाही आणि "मला माहीत नाही" हेही पूर्ण उत्तर आहे. चपराशानं सांगितलं की सेठजी आणि धाकट्या साहेबांचं जमिनीवरून भांडण झालं, ते चपराशाला विचारू द्या, तुमच्या तोंडून ते ऐकीव आहे. आपल्याकडे साक्षीदार दोन प्रकारे फसतात, एक लपवून आणि दुसरं पोलिसांना मदत करायच्या उत्साहात अंदाज सांगून, आणि मैत्रिणीचं जास्त नुकसान बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारानं होते.

आता व्हाउचर.

सगळ्यात आधी, त्या एन्ट्रीला हात लावू नका. डिलीट नाही, तारीख दुरुस्त नाही, नरेशनमध्ये (एन्ट्रीखालच्या वर्णनात) काही जोडणं नाही, दुसरं व्हाउचर टाकून रिव्हर्स करणं तर नाहीच. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते, तुम्ही अकाउंट्सवाल्या, तुम्हाला एडिट लॉग काय ते मी काय सांगू. तुम्ही १२ तारखेचं व्हाउचर १६ ला टाकलं हे तिथं आधीच लिहिलेलं आहे, कोणत्या युजरनं टाकलं तेही. आज तुम्ही घाबरून ते उडवलं तर लॉगमध्ये दोन ओळी होतील, पहिली मैत्रिणीच्या सांगण्यावरून केलेलं काम आणि दुसरी खुनाचा गुन्हा दाखल झाल्यावर तुम्ही स्वतःच्या डोक्यानं केलेलं काम. पहिलीचा खुलासा देता येतो. दुसरीचा देताना माझ्यासारख्या वकिलाचीही दमछाक होते.

पहिल्या ओळीचा खुलासा काय, तर हेतू. हिशेबात खोटी नोंद करण्याचं न्याय संहितेचं कलम ३४४ आहे, पुरावा नष्ट करणंही वरच्या २३८ मध्येच येते, पण या सगळ्यात तुम्हाला माहीत होतं आणि फसवण्याचा हेतू होता हे सरकारी पक्षाला दाखवावं लागते. आपल्या इकडच्या फर्मांमध्ये मागच्या तारखेची व्हाउचरं रोजच पडतात, ड्रायव्हरचा ॲडव्हान्स, हमालीचे पैसे, डिझेल, कोणी तोंडी सांगते आणि संध्याकाळी किंवा चार दिवसांनी एन्ट्री होते, ही चांगली पद्धत नाही पण तुमच्याकडे पहिल्यापासून होती हे जुन्या लॉगमधून दिसेल आणि ते तुमच्या बाजूनं आहे. तिनं एन्ट्री टाकायला व्हॉट्सॲपवर सांगितलं होतं की तोंडी हे तुम्ही लिहिलं नाही. मेसेज असेल तर जपून ठेवा, फोन बदलू नका, फॉरमॅट करू नका, "डिसअपिअरिंग मेसेज" चालू असेल तर आत्ताच बंद करा. कोर्टात दाखल होऊ शकेल असा इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड मुद्दाम पुसून टाकणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम २४१.

मग पोलिसांना व्हाउचरचं सांगायचं की नाही? साक्षीदारानं पोलिसांच्या प्रश्नांना खरी उत्तरं दिलीच पाहिजेत, मात्र ज्या उत्तरामुळे स्वतःवर गुन्हा येऊ शकतो तेवढ्या प्रश्नाचं उत्तर नाकारायची सूट नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० मध्येच दिलेली आहे आणि मागे राज्यघटनेचं २०(३) आहे. म्हणजे गप्प राहण्याचा हक्क आहे, खोटं बोलण्याचा नाही, हे दोन वेगळे आहेत. माझं मत विचाराल तर तुमच्या परिस्थितीत गप्प राहण्यापेक्षा स्वतःहून सांगणं बरं, पण बयानाच्या दिवशी घाबरत घाबरत नाही, त्याच्या आधी फौजदारी पाहणाऱ्या वकिलाकडे बसून तारखा, कोणी कोणत्या शब्दांत सांगितलं, पैसे प्रत्यक्ष कोणी दिले हे सगळं कागदावर उतरवून मग. तो वकील तुमच्याकडचे मेसेज पाहून ठरवेल की सेशन्स कोर्टात अटकपूर्व जामिनाचा अर्ज, त्याच संहितेचं कलम ४८२, आधी टाकून ठेवायचा की गरज नाही, ते मी इथून पत्रावरून ठरवणार नाही.

आणि तो वकील मालकांचा नको. तुम्ही लिहिलंय की घराण्याचे वकील साहेब ऑफिसात येऊन स्टाफची "तयारी" करून घेऊन राहिले आणि शंभराच्या स्टॅम्प पेपरवर सगळ्यांच्या सह्या मागतात. सही करू नका. ते वकील चांगले असतील, त्यांचं काम करतायत, पण त्यांचा पक्षकार तुम्ही नाही, तुम्ही त्यांना जे सांगाल ते तुमच्यासाठी झाकलेलं राहीलच असं नाही आणि उद्या तुमचं आणि साहेबांचं हित आडवं आलं तर ते साहेबांचं पाहतील. "घरी विचारून सांगते" म्हणा, बाई माणसाला हे वाक्य नागपुरात अजून चालते, फायदा घ्या.

बोलावण्याबद्दल. हवालदाराचा फोन आला "उद्या अकराला या" म्हणून तर लेखी नोटीस मागा आणि तिच्यावर कलम पाहा. नागरिक सुरक्षा संहितेचं १७९ असेल तर साक्षीदार म्हणून, ३५ असेल तर संशयित म्हणून, मामला वेगळा आहे, वकिलाशिवाय पाऊल टाकू नका. ३५ ची नोटीस नुसती व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही हे सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. आणि तुम्ही बाई असल्यानं १७९ खाली तुम्हाला ठाण्यात बोलावताच येत नाही, पोलिसांनी तुमच्या घरी येऊन विचारायचं असते, तुमची स्वतःची तयारी असेल तरच तुम्ही जायचं. शेजारी काय म्हणतील म्हणून बायका ठाण्यातच जाणं पसंत करतात, मी पाहते, पण आपल्या घरात, आपल्या खुर्चीवर बसून माणूस जास्त खरं आणि कमी घाबरून बोलते. पोलिसांनी लिहून घेतलेल्या बयानावर तुमची सही लागत नाही, कोणी मागितली तर नम्रपणे सांगा की कलम १८१ प्रमाणे लागत नाही.

पुतण्यानं म्हटलं ना, "आता सगळं माझ्याच नावावर येणार, तुझी नोकरी पक्की", ते ऐकून मला हसू आलं. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २५ आणि २७ प्रमाणे खून करणाऱ्याला किंवा त्यात मदत करणाऱ्याला मेलेल्याच्या मालमत्तेचा वारसा मिळत नाही, तो आधीच मेला असं धरून वाटणी होते. त्यांनी केलं असं मी म्हणत नाहीये, पण निकाल लागेपर्यंत त्या घरात कोणीही कोणाला नोकरीची खात्री देण्याच्या स्थितीत नाही. आणि हेच गोड बोलणं उद्या धमकीवर आलं तर, खोटी साक्ष द्यायला धमकावणं हा न्याय संहितेच्या कलम २३२ चा गुन्हा आहे आणि साक्षीदार संरक्षणासाठी जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करता येते.

आता तिचं. तिच्याशी बोलणं तोडू नका, डबाही खा, पण केसचा विषय निघाला की उठा. "मी काय सांगितलं, तू काय सांगशील" हे फोनवर तर अजिबात नको, चॅटवर नको, गांधीसागरला फिरायला जाऊनही नको. तिला एकदाच, समोरासमोर, शांतपणे सांगा की मी पाच वाजताचं खरं सांगणार आहे आणि तुझ्याबद्दल मला जे माहीत नाही ते सांगणार नाही. ती चिडेल. कदाचित दुसऱ्या टेबलावर जाऊन बसेल. पण तुमच्या बयानानं तिला धक्का बसण्यापेक्षा आधी कळलेलं बरं, कारण मग ती स्वतःसाठी वकील शोधेल आणि तिला आज त्याचीच सगळ्यात जास्त गरज आहे. ती साहेबांच्या वकिलाच्या भरवशावर बसली आहे आणि साहेब अडचणीत आले तर सगळ्यात आधी तिचंच नाव पुढे करतील. तिनं फक्त गाडीतून लिफ्ट घेतली असेल तर ती साक्षीदार आहे, तिला त्याहून जास्त माहीत असेल पण हात नसेल तरी तिचं खरं बयान तिला वाचवू शकते, आणि त्याहीपुढे काही असेल तर माफीचा साक्षीदार होण्याची वाट कायद्यात आहे, पण ती वाट तिला साहेबांचा वकील दाखवणार नाही.

तिच्या वकिलाच्या फीसाठी तुम्ही मदत केली तर तो गुन्हा नाही, आपल्या खात्यातून द्या, ऑफिसच्या कॅशमधून नको. पैसे नसतील तर सिव्हिल लाइन्सला जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, १५१०० वर फोन केला तरी चालते. बाईला तिथं मोफत वकील मिळतो, तिचा पगार किती ते विचारत नाहीत. तिला अटक झालीच तर सूर्यास्तानंतर सहसा नाही, महिला पोलिसाशिवाय नाही, आणि नव्वद दिवसांत चार्जशीट आली नाही तर जामीन तिचा हक्क होतो. जामीन मिळाल्यावर मात्र एक लक्षात ठेवा, साक्षीदारांशी संपर्क करायचा नाही ही अट बहुतेक वेळा असतेच आणि तुम्ही साक्षीदार आहात. तेव्हा तिनं फोन केला तर उचलू नका, तिच्या आईला भेटायला जायचं तर ती घरी नसताना जा. तुमच्या एका साध्या "कशी आहेस" मुळे तिचा जामीन रद्द व्हायला नको.

नोटीस आली की आधी वकिलाला दाखवा. वकिलाकडे जाताना नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा आणि त्या महिन्याची तुमची हजेरी सोबत घ्या, टॅलीचा बॅकअप ऑफिसातून उचलून आणायच्या भानगडीत पडू नका, तो पोलीस पंचनामा करून घेतील.