एकाच रुळावर दोन मॉडेल इंजिनं वेगवेगळ्या वेगाने कशी धावतात?

डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) नावाच्या डिजिटल पद्धतीमुळे. जुन्या पद्धतीत रुळातला व्होल्टेजच कमी-जास्त करायचे, त्यामुळे रुळावरची सगळी इंजिनं एकदम पळायची किंवा एकदम थांबायची. डीसीसीत व्होल्टेज कायम पूर्ण असतो, फक्त त्याची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटत राहते. संदेश असतो तो या उलटण्याच्या वेळेत. बिटचा प्रत्येक अर्धा भाग साधारण ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो १, आणि १०० किंवा जास्त असेल तर ०. अशा बिटांचं पॅकेट बनतं: आधी इंजिनाचा पत्ता, मग हुकूम, शेवटी चूक पकडणारा बाइट.

पॅकेट सगळ्याच इंजिनांपर्यंत पोचतं, पण पत्ता ज्याचा जुळतो त्याचाच डिकोडर, म्हणजे इंजिनात बसवलेलं हुकूम वाचणारं छोटं सर्किट, तो हुकूम पाळतो. तोच रुळातली वीज डीसी करून मोटरला झटपट चालू-बंद करत पुरवतो. गाडी उभी असतानाही दिवे लागतात ते रुळात व्होल्टेज कायम पूर्ण असल्यामुळेच.

नव्या डिकोडरचा पत्ता सहसा ३ असतो. तो न बदलता दोन नवी इंजिनं रुळावर ठेवलीत, तर दोन्ही एकाच हुकमावर सुटतील! आणि इंजिन गचके खात असेल तर डिकोडरला दोष देण्याआधी रूळ आणि चाकं पुसून बघा. बहुतेक वेळा मळच नडतो.