मराठीत ‘हॅव’ नाहीच, मग घोळ होणारच

प्रश्न : मॅडम, मागच्या आठवड्यात अंबड एमआयडीसीत एका कंपनीत इंटरव्ह्यू होता. घरी कोण कोण आहे विचारलं तर मी म्हणाले, ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’. समोरचे दोघं हसले पण काय चुकलं ते सांगितलंच नाही. सांगाल का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, हसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. मराठीत ‘हॅव’ असं वेगळं क्रियापदच नाहीये, आपण सगळं ‘आहे’वर भागवतो आणि फरक दाखवतो तो आधीच्या शब्दात, म्हणजे बघा, मला दोन भाऊ आहेत, पण गाडी माझ्याकडे आहे, ‘मला गाडी आहे’ कोणी म्हणत नाही, आणि मखमलाबादला आमची द्राक्षबाग आहे. इंग्रजीत तिन्हीकडे एकच हॅव. आता भाऊ असणं ही स्थिती झाली, ते काही आत्ता चालू असलेलं काम नाही, म्हणून तिथे आयएनजी लावायचं नाही. आय हॅव टू ब्रदर्स, बस्स.

पण ‘वुई आर हॅविंग मिसळ’ एकदम बरोबर! तिथे हॅव म्हणजे खाणं, आणि खाणं चालू असतं, पाव अर्धा मोडलाय, रस्सा परत मागवलाय. ‘शी इज हॅविंग अ बाथ’ पण तसंच, अंघोळ करतेय. मनात मराठीत ‘खातेय, करतेय, घेतेय’ असं आलं तर हॅविंग चालतं, नुसतं ‘आहे’ आलं तर हॅव. मी मुलांना हेच सांगते, बहुतेक ठिकाणी पुरतं.

याहून जास्त लोक फसतात ते ‘आय हॅव फिल्ड द फॉर्म यस्टरडे’मध्ये. आपण ‘मी काल फॉर्म भरलाय’ बिनधास्त म्हणतो, त्या ‘भरलाय’मध्ये लपलेलं ‘आहे’ म्हणजेच इथलं हॅव, म्हणून ते तोंडात येतं. पण इंग्रजीत काल, सोमवारी, 2019 साली असा संपलेला काळ वाक्यात आला की हॅव काढायचं, आय फिल्ड द फॉर्म यस्टरडे. काळ सांगितलाच नाही तर ‘आय हॅव फिल्ड द फॉर्म’ बरोबर.

आणि ‘जावं लागतं’साठी हॅव टू गो, फक्त बोलताना ते हॅफ्टू असं ऐकू येतं, तेव्हा फोनवर समोरचा हॅफ्टू म्हणाला तर वेगळा शब्द समजून अडखळू नका.