संशोधन : दुरुस्ती, शोध आणि वजाबाकी

प्रश्न इंदूरहून आला आहे. विचारणाऱ्यांचं घराणं तीन पिढ्या तिथलंच. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर हिंदी. मुलीनं मराठी निबंधात लिहिलं, 'भारताच्या घटनेत आतापर्यंत शंभराहून अधिक संशोधने झाली.' आजोबांनी खाली लाल रेघ मारली. मुलगी म्हणाली, शाळेच्या पुस्तकात 'संविधान संशोधन' असंच छापलंय. यावरून घरात जुंपली. पत्राच्या शेवटी वडिलांनी आपलाही एक प्रश्न जोडला आहे: गणितज्ञ कागद-पेन्सिल घेऊन बसतो, जीवशास्त्रज्ञ रान तुडवतो, अर्थतज्ज्ञ जिल्ह्यांचे आकडे मांडून सरकारला धोरण सुचवतो, या तिघांच्या कामाला मराठीत एकच 'संशोधन' कसं पुरतं? हिंदीतलं 'अनुसंधान' जास्त नेमकं नाही का?

आधी घरातलं भांडण मिटवू. मराठीत आजोबा बरोबर, हिंदीत नात बरोबर. घटनेत होते ती मराठीत दुरुस्ती, कायद्यात होते ती सुधारणा. घटनादुरुस्ती, सुधारणा विधेयक, सुधारित वेळापत्रक. नातीनं फार वाईट वाटून घेऊ नये. अनुवादाच्या कामाला लागलो तेव्हा पहिल्याच महिन्यात 'संशोधित वेतनमान' याचं मी 'संशोधनाअंती ठरवलेली वेतनश्रेणी' करून ठेवलं होतं. वरिष्ठांनी कागद परत पाठवला. शेजारी एवढंच लिहिलं होतं, 'कोणी केलं हे संशोधन?'

शेजारच्या भाषांत पाहिलं तर या शब्दाची वाटणी गमतीची दिसते. गुजराती आणि कन्नड आपल्या बाजूला: दोन्हीकडे संशोधन म्हणजे नवं काही शोधून काढण्याचा अभ्यास. हिंदी, नेपाळी आणि बंगाली दुसऱ्या बाजूला: तिकडे संशोधन म्हणजे चूक सुधारणं. तेलुगूत आपल्या अर्थानं 'परिशोधन' आहे. बंगाली आणि मल्याळम आपल्या 'संशोधना'साठी 'गवेषणा' वापरतात, आणि हा शब्द मला फार आवडतो. गो अधिक एषणा, म्हणजे मुळात हरवलेल्या गाईच्या मागावर निघणं. पीएच.डी.च्या पाचव्या वर्षी मार्गदर्शकाच्या खोलीबाहेर बसलेला विद्यार्थी पाहिला की हीच व्युत्पत्ती खरी वाटते.

आता मूळ. संस्कृतात 'शुध्' म्हणजे शुद्ध होणं, त्याचं प्रयोजक 'शोधयति' म्हणजे शुद्ध करणं. नको ते काढून टाकलं की हवं ते उरतं, एवढंच त्यात आहे. आयुर्वेदात दोष शरीराबाहेर काढणारे उपचार ते संशोधन, आणि जागच्या जागी शांत करणारे ते संशमन. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातल्या जुन्या संस्कृत ग्रंथांच्या मुखपृष्ठावर 'अमुकेन संशोधितम्' छापलेलं असायचं; त्याचा अर्थ त्या पंडितानं पाठ तपासून शुद्ध केला. हिंदीनं यातली शुद्धी धरून ठेवली. आपण तपासणी धरली, आणि तपासता तपासता जे सापडतं त्यालाही तेच नाव दिलं.

पण खरी मौज गणितात आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला. त्यातल्या बीजगणितात धन-ऋण संख्यांच्या वजाबाकीचा नियम सुरू होतो तो असा: 'संशोध्यमानं स्वमृणत्वमेति'. 'स्व' म्हणजे धन संख्या. ती वजा केली जात असताना ऋण होते. म्हणजे इथे संशोधन करणं म्हणजे चक्क वजा करणं! शोधन हा वजाबाकीचा जुना, रुळलेला पारिभाषिक शब्द होता.

वजाबाकी म्हटली की देवळालीचे कापरेकर मास्तर आठवणारच. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचे. पेशा शाळामास्तरचा, पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. १९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येचं वैशिष्ट्य मांडलं. चार आकडी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमानं लावा, ५४३२. चढत्या क्रमानं लावा, २३४५. वजा करा: ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, उरले ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, उरले ६१७४. आता कितीही वेळा करा, ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४च. कुठूनही निघालात तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच येऊन थांबता. भास्कराचार्यांच्या शब्दात बोलायचं तर मास्तरांनी शोधन करकरून शोध लावला.

लावला, की त्यांना लागला? मराठीची नेमकी जागा ही आहे. 'शोध घेणं' हे काम, त्याची हमी कोणी देत नाही. 'शोध लावणं' हे कर्तृत्व. आणि 'शोध लागणं' म्हणजे जी गोष्ट आधीच होती ती हाताला लागणं. हिंदीत खोज वेगळी आणि आविष्कार वेगळा. आपण मात्र टेलिफोनचाही शोध लावतो आणि गुरुत्वाकर्षणाचाही. ही आपली उणीव आहे, मान्य. पण ती नामात आहे, क्रियापदात नाही. बेलनं टेलिफोनचा शोध लावला असं मी लिहीन, '६१७४चा शोध लागला' असंही लिहीन, पण 'बेलला टेलिफोनचा शोध लागला' हे मराठी कानाला हसूच आणतं. जणू त्याला तो माळ्यावर सापडला.

आता 'अनुसंधान'. कुलाब्याची ती संस्था मराठीत टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि हिंदीत टाटा मूलभूत अनुसंधान संस्थान, इमारत एकच. तिथे आपणही अनुसंधान म्हणायला लागलो तर बिघडलं काय? बिघडतं ते असं की मराठीत त्या शब्दाची जागा आधीच भरलेली आहे. नामाचं अनुसंधान, भगवंताचं अनुसंधान. चित्त एका ठिकाणी लावून ठेवणं. आमची आजी पोळ्या लाटताना अनुसंधान राखायची, आणि तव्यावरची एकही पोळी करपायची नाही. 'कापूस अनुसंधान केंद्र' ऐकल्यावर माझ्या डोळ्यांपुढे टाळकरी येतात. अन्वेषणाचं त्याच्या उलट. त्याला पोलीस ठाण्याचा वास आहे, गुन्हे अन्वेषण विभागामुळे. आता तो पुसायचा नाही.

तिघांना एकच शब्द कसा पुरतो, हे मला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावरून समजलं. संस्था १९१७ची. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९२५पासून विष्णु सीताराम सुकथनकरांकडे आलं. सुकथनकर केंब्रिजला गणित शिकले होते, मग बर्लिनला जाऊन भारतविद्येकडे वळले. देशभरच्या हस्तलिखितांतले पाठ ताडून, मागाहून शिरलेलं बाजूला काढायचं, असं ते काम. गणपती महाभारत लिहून घ्यायला बसतो ती सगळ्यांना तोंडपाठ असलेली कथासुद्धा मूळ संहितेतून निघून परिशिष्टात गेली. ज्या शब्दांची खात्री नव्हती त्यांच्याखाली नागमोडी रेघ छापली. हिंदीचं संशोधन आणि मराठीचं संशोधन इथे एकाच टेबलावर बसलेलं दिसतं.

धोरणाच्या बाजूला तर शब्दानं स्वतःच चुगली केली आहे. महाराष्ट्राच्या विभागांमधला विकासाचा असमतोल मोजायला १९८३ साली अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिचं नाव सत्यशोधन समिती. तिनं केलं काय? रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, एकेका बाबतीत राज्याची सरासरी काढली आणि तीतून कमी पडणाऱ्या जिल्ह्याचा आकडा वजा केला. जे उरलं तो 'अनुशेष'. शेष म्हणजेच वजाबाकीनंतरची बाकी! १९८४च्या अहवालात ही बाकी सुमारे ३,१८६ कोटी रुपये निघाली. सरासरी हीच मोजपट्टी का, यावर पुढे कैक वर्षं वाद झाले, आणि ते व्हायलाच हवे होते; कशातून काय वजा करायचं हे ठरवणं म्हणजेच धोरण. पण 'अनुशेष' हा शब्द विदर्भ-मराठवाड्यात चहाच्या टपरीपर्यंत पोचला. एखाद्या अहवालाचा पारिभाषिक शब्द इतका खाली झिरपल्याचं दुसरं उदाहरण मला चटकन सुचत नाही.

निसर्गविज्ञानात माझी ही वजाबाकी जरा लंगडते, हे कबूल करतो. सह्याद्रीत कातळावर एखादी नवी पाल सापडते तेव्हा यादीत भर पडते, काही कमी होत नाही. फार तर म्हणता येईल की ती नवी ठरवायला आधी ही अमुक नव्हे, तमुक नव्हे, असं करत ओळखीच्या सगळ्या पाली बाजूला काढाव्या लागतात. पण व्युत्पत्तीला यापुढे ताणू नये. शब्द मुळात काय होता यावरून तो आज काय असला पाहिजे हे ठरत नाही, नाहीतर गवेषणा करणाऱ्या प्रत्येक बंगाली प्राध्यापकाला गोठा बांधावा लागेल.

वापरापुरतं सांगायचं तर 'संशोधन' ही छत्री आहे. तिच्याखालचे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत आणि आळसानं आपण ते वापरत नाही. गणितज्ञ प्रमेय सिद्ध करतो, त्याला 'प्रमेयावर संशोधन केले' म्हणून मोकळं होऊ नका. घरोघरी जाऊन माहिती गोळा केली असेल तर ती पाहणी. शेतीतलं फळ म्हणजे नवा वाण. शिक्षकानं आपल्याच वर्गातली अडचण सोडवायला केलेलं ते कृतिसंशोधन. हा शब्द बी.एड. केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतो, बाहेर कोणालाच नसतो. आणि गूगलवर अर्धा तास घालवला असेल तर ती शोधाशोध.

पत्राच्या तळाशी मुलीनं स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली आहे: 'मी मोठेपणी संशोधक होणार की संशोधिका?' मराठीत दोन्ही चालतं. मी 'संशोधक' लिहितो. आजोबांना विचारलंस तर ते बहुधा 'संशोधिका' म्हणतील, आणि त्यावर लाल रेघ मारायची पाळी तुझी.