कोंबडीचा व्हायरस माणसाच्या पेशीत शिरला तर तिथं त्याचं प्रोटीन चालतं का?

तुमचा प्रश्न असा की पोल्ट्रीतल्या माणसाच्या अंगात बर्ड फ्लूचा व्हायरस गेलाच तर पेशी ती पेशीच ना, मग तो कोंबडीत वाढतो तसा आपल्यात का वाढत नाही. मी कोल्हापूरचा, शिवाजी विद्यापीठातून मायक्रोबायोलॉजी केलंय, त्यामुळं गावाकडं गेलो की पोल्ट्रीवाले हेच विचारतात. २००६ ला नवापूरला लाखोंनी कोंबड्या माराव्या लागल्या पण तिथं माणसाला लागण झाल्याचं निघालं नाही, म्हणजे प्रश्न योग्यच आहे.

बहुतेक जण रिसेप्टरचं, म्हणजे पेशीवर व्हायरस जिथं चिकटतो त्या जागेचं, कारण सांगतात. ते खरंय, पक्ष्यांचा फ्लू ज्या प्रकारच्या सायलिक ॲसिडला चिकटतो ते आपल्या नाका-घशात कमी आणि फुफ्फुसात खोलवर जास्त असतं. पण समजा शिरलाच आत, तरी काम होत नाही, आणि माझ्या मते खरी गंमत इथंच आहे.

फ्लूच्या जीन्सच्या कॉप्या काढायला पॉलिमरेज लागतं, ते व्हायरस स्वतःचं आणतो, पण ते एकटं चालत नाही, त्याला पेशीतलं एएनपी३२ए नावाचं प्रोटीन जोडीला लागतं. हे कोंबडीतही आहे आणि आपल्यातही, फक्त कोंबडीच्यात ३३ अमिनो ॲसिडचा (प्रोटीन ज्या मण्यांनी बनतं ते) एक जादा तुकडा असतो जो आपल्यात नाही. पक्ष्यांच्या व्हायरसचं पॉलिमरेज त्या लांब प्रोटीनवर बेतलेलं, आपल्या आखूड प्रोटीनबरोबर ते जेमतेम चालतं. उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, सूतभर फरक असला की पार्ट दिसायला तोच असून बसत नाही. २०१६ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या लोकांनी कोंबडीचं हे प्रोटीन माणसाच्या पेशीत घालून बघितलं, आणि तेच अडलेलं पॉलिमरेज जोरात चालायला लागलं! म्हणजे पेशी माणसाचीच, बदललं फक्त एक प्रोटीन.

आता काळजीची बाजू. व्हायरसला ही अडचण सोडवायला फार काही करावं लागत नाही, पॉलिमरेजचाच भाग असलेल्या पीबी२ या प्रोटीनमध्ये ६२७ नंबरच्या जागी ग्लुटामिक ॲसिड हे अमिनो ॲसिड जाऊन लायसिन हे दुसरं आलं की झालं, आपल्या प्रोटीनबरोबर जमतं. २०२४ ला अमेरिकेत दुभत्या गाईंमध्ये एच५एन१ हा बर्ड फ्लूचा व्हायरस सापडला, आणि टेक्सासमधल्या ज्या डेअरी कामगाराला लागण झाली, डोळे लाल झाले होते त्याचे, त्याच्या सॅम्पलमध्ये नेमका हाच बदल होता. गाईंच्या व्हायरसमध्ये मात्र त्याच पीबी२ च्या ६३१ व्या जागेवर वेगळाच बदल दिसला. प्राणी बदलला की वाटही बदलली. आपल्याकडं कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायची सवय आहे म्हणून सांगतो, नीट तापवलेल्या दुधात हा व्हायरस टिकत नाही.

हे फ्लूपुरतंच नाही बरं का. एचआयव्हीचं व्हिफ प्रोटीन माणसाच्या पेशीतलं एपोबेक३जी नावाचं संरक्षक प्रोटीन नष्ट करतं, पण आफ्रिकन ग्रीन माकडाच्या त्याच प्रोटीनला काही करू शकत नाही, आणि तो फरक १२८ नंबरच्या एकाच अमिनो ॲसिडमुळं.

२०२३ मध्ये ब्रिटनमध्ये जीन एडिटिंग करून कोंबडीचंच एएनपी३२ए बदललं. व्हायरसच्या कमी डोसला १० पैकी ९ कोंबड्यांना लागण झाली नाही, पण डोस हजारपट केल्यावर निम्म्यांना लागण झाली, आणि त्या व्हायरसनं त्याच कुटुंबातली दुसरी प्रोटीनं वापरायला सुरुवात केली होती. म्हणून एकच जीन बदलून भागेल असं मला वाटत नाही.

आणि एक, डुकराचं एएनपी३२ए पक्ष्यांच्या पॉलिमरेजला आपल्यापेक्षा बरं साथ देतं, शिवाय डुकराला माणसाचाही फ्लू होतो, म्हणजे पक्ष्यांच्या व्हायरसला आपल्याकडं यायला डुक्कर मधली पायरी ठरू शकतं. तेव्हा शेडच्या आसपास डुकरं फिरकू देऊ नका, आणि एकाएकी मर वाढली तर मेलेल्या कोंबड्या उघड्या हातानं उचलू नका, आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.