साठा कसला, आशय म्हणा

एका अहवालाच्या अनुवादात 'समुद्रतळाखालच्या घट्ट, नैसर्गिक भेगा असलेल्या चुनखडकातील तेलसाठ्यांच्या क्षमतेचे मूल्यांकन' असं लिहिलंय. त्यातला 'घट्ट' बरोबर आहे का, असा प्रश्न आलाय.

नाही. घट्ट झाकण असतं, गाठ असते, मिठी असते. इथे म्हणायचंय ते एवढंच, की हा खडक आपल्यातून तेल सहजासहजी वाहू देत नाही. 'कमी पारगम्य' लिहा. खरं तर तो चिक्कू खडक, पण अहवालात हे कोण छापणार! 'भेगा' राहू द्या. काचेला तडा जातो, खडकाला भेग पडते.

विचारायला हवं होतं ते 'साठ्या'बद्दल. विहिरीत तेलाचा मागमूस लागायचा अवकाश, बातमी येते: 'प्रचंड साठा सापडला'. अहो, साठा म्हणजे कुणीतरी साठवलेला, मोजून ठेवलेला, हवा तेव्हा काढता येईल असा! खडकात आहे किती आणि हाती लागणार किती, हे दोन निराळे आकडे. नॉर्वेच्या समुद्रातलं एकोफिस्क हे क्षेत्र १९६९ साली सापडलं. खडू जातीचा चुनखडक, छिद्रं भरपूर, पण इतकी बारीक की तेल हलेना. वाट मिळाली ती भेगांमुळे. तरीही असलेल्या तेलापैकी जेमतेम १७ टक्के निघेल, असा सुरुवातीचा हिशेब होता. पुढे १९८७पासून खडकात मोठ्या प्रमाणावर पाणी सोडलं, खडूने ते शोषून आतलं तेल भेगांत ढकललं आणि अंदाज ५० टक्क्यांच्या आसपास गेला. आता यातला 'साठा' कोणता?

शब्द आपल्याकडे आहेच: आशय. संस्कृत धातू 'शी' म्हणजे निजणे, पडून राहणे. त्यावरून शयन, शय्या, आपली शेज, आणि 'आ' लागून आशय, म्हणजे एखादी गोष्ट जिथे पडून असते ती जागा. जलाशय, पित्ताशय, गर्भाशय. वाक्यात अर्थ निजलेला असतो म्हणून त्याचाही आशयच. मग खडकात तेल निजलंय तो तेलाशय!

यावर शुद्धतावादी धावून येतात: तेल तद्भव, आशय तत्सम, म्हणून 'तैलाशय' हवं. म्हणा की. पण 'तैल' म्हणजे तिळाचं, हे विसरू नका. चुनखडकात तीळ कुठून आले? अर्थाची इतकी मोठी उडी ज्यांना चालते, त्यांना एका मात्रेचा विटाळ व्हावा, ही गंमतच.

आणि आता माझं लाडकं. 'संशय'सुद्धा याच 'शी'चा. कोशात त्याचा निजण्याचा अर्थही सापडतो. माझ्या मते मन दोन अंथरुणांवर एकदम पडलं की संशय. व्युत्पत्तिकार हसतील, हसोत. भेगाळलेल्या चुनखडकात तेलाची अंथरुणंही दोनच: खडकातली बारीक छिद्रं आणि भेगा. भेगांची जागा एकूण खडकाच्या बहुधा एक टक्काही नसते, पण वाहतं तेल त्यांतूनच. म्हणून नवी विहीर पहिले काही दिवस धो धो वाहते आणि मग मान टाकते. भेगा रिकाम्या झाल्या, छिद्रं सोडायला तयार नाहीत. विहिरीतून नमुना म्हणून कापून वर आणलेला खडकाचा दांडा हातात घेतला तरी संशय सुटत नाही. भेगेच्या अंगावर कॅल्साइटचे (चुनखडकातल्याच खनिजाचे) स्फटिक किंवा तेलाचा डाग असेल तर ती जुनी, निसर्गाची. कोरी करकरीत असेल तर विहीर खोदताना आपणच पाडलेली असू शकते. शिवाय उभ्या भेगा उभ्या विहिरीला चुकवून शेजारून निघून जातात. म्हणजे दांड्यात भेग नाही म्हणून खडकात नाही, असंही म्हणता येत नाही.

तेव्हा 'तेलसाठ्यांच्या क्षमतेचे मूल्यांकन' खोडा आणि 'तेलाशयातून किती तेल मिळू शकेल याचा अंदाज' लिहा. 'घट्ट'चं वर सांगितलंच आहे.