चंदेरी रंग देऊनही छत तापतंय? (उत्तर जरा लांबलंय)

छताला चंदेरी रंग दिला तरी वरच्या मजल्यावर रात्रीपर्यंत उकडतं, आणि पांढरा द्यावा तर हिवाळ्यात घर गार पडेल का, हा तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी हेच भोगलंय. ऋतू का होतात वगैरे सोडून देतो, ते शाळेत झालंय.

चंदेरी रंग बरंचसं ऊन परतवतो, पण जी उष्णता शोषली जाते ती त्याला अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणाऱ्या) किरणांवाटे सहज बाहेर टाकता येत नाही. पांढरा रंग दोन्ही कामं करतो. म्हणून डब्यावर नुसती परावर्तनाची टक्केवारी असेल तर थांबा, उत्सर्जकताही (म्हणजे शोषलेली उष्णता किरणांवाटे बाहेर टाकण्याची क्षमता) विचारा.

आमच्या इमारतीची देखभाल ज्या कार्यालयाकडे होती (नाव घेत नाही), तिथून एकजण इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन आला. भर दुपारी चंदेरी छतावर रोखला, आकडा कमी आला, ‘छत गार आहे’ असा शेरा मारून तक्रार बंद! असं यंत्र सहसा पृष्ठभागाची उत्सर्जकता ०.९५ च्या आसपास धरून चालतं. चकचकीत छतावर रोखलं की त्यात आकाशाचं प्रतिबिंबही मोजलं जातं, आणि निरभ्र आकाश अवरक्तात फार थंड असतं. हे सगळं लेखी कळवलं. उत्तर आलं, ‘यंत्र प्रमाणित आहे’. अहो, पण यंत्राबद्दल तक्रार होतीच कुठे! त्या एका शेऱ्यापायी अख्खा उन्हाळा गेला. आजही आठवलं की संताप होतो. छताखाली राहणाऱ्यांना कुणी एका शब्दाने विचारलं नाही.

म्हणून मोजमाप खालून घ्या. साधा तापमापक छताला आतून टेकवून, आणि सूर्यास्तानंतरही. काँक्रीटचा स्लॅब दुपारची उष्णता संध्याकाळी खाली पोचवतो.

हिवाळ्याची भीती मला तरी अवाजवी वाटते. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असताना सपाट छतावर दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट ऊन पडतं. काळं छत त्यातलं ९०० च्या आसपास शोषतं, ताजं पांढरं २०० च्या. हिवाळ्यात सूर्य ३० अंशांच्या वर चढत नसेल, तर सपाट छताच्या वाट्याला त्याच्या निम्मंही येत नाही, शिवाय दिवस लहान. गमावण्याजोगं ऊन मुळातच थोडं. जिथे बर्फ साचतो तिथे तर रंगाचा प्रश्नच नाही, ताजा बर्फ स्वतःच ८० टक्क्यांहून जास्त ऊन परतवतो. हिवाळ्यातलं तिरपं ऊन हवं असेल तर ते विषुववृत्ताच्या दिशेच्या खिडक्यांतून घ्या, दिवसा पडदे बाजूला सारून.

मी अभियंता नाही. थंडी लांब आणि कडक असेल किंवा छताला जाड उष्णतारोधक थर असेल तर हिशेब बदलतो, तेव्हा जाणकाराला विचाराच.

पांढरा रंग धुळीने काळवंडतो, उन्हाळ्याच्या तोंडावर गच्ची धुऊन काढा. आणि रंगाआधीचे व नंतरचे आकडे एकाच ऋतूतल्या निरभ्र दिवसांचे असू द्या. वेगवेगळ्या महिन्यांचे आकडे शेजारी मांडून कुणी फरक दाखवला तर अजिबात मान्य करू नका.