एजंटला माहीत होतं, मग कंपनीला नव्हतं कसं?

प्रश्न: आमचं सातारा जिल्ह्यात किराणा दुकान आहे. माझ्या पतींनी 15 लाखांची आयुर्विमा पॉलिसी घेतली आणि 22 महिन्यांनी ते हार्ट अटॅकने गेले. मधुमेह लपवला, असं म्हणून कंपनीने क्लेम नाकारला. फॉर्म एजंटने दुकानात बसून भरला होता. गल्ल्यावरच्या शुगरच्या गोळ्या त्याने पाहिल्या होत्या, 'एवढं लिहायची गरज नाही' असंही म्हणाला. यांनी फक्त सह्या केल्या. मी नॉमिनी आहे. केस करून उपयोग होईल का?

उत्तर: ताई, जरूर लढा. पण 'मधुमेहाचा मृत्यूशी संबंध नव्हता' या मुद्द्यावर भिस्त ठेवू नका. मणक्याचं दुखणं सांगितलं नव्हतं आणि मृत्यू हृदयविकाराने झाला, अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये वारसांना रक्कम मिळवून दिली. पण मधुमेह आणि हृदयविकार इतके वेगळे काढता येत नाहीत.

तुमचं खरं बळ विमा कायदा 1938 च्या कलम 45 मध्ये आहे. तीन वर्षं उलटली की कंपनीला पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. तुमची मुदत भरली नव्हती, म्हणून तिने फसवणुकीचा आरोप केला. पण लपवण्याचा हेतू नव्हता, किंवा ती गोष्ट कंपनीला ठाऊक होती, हे सिद्ध झालं तर हा आरोप टिकत नाही. आणि पॉलिसी गळ्यात मारणारा माणूस करार होताना कंपनीचाच प्रतिनिधी धरला जातो, हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलेलं आहे. म्हणजे त्याने पाहिलेल्या गोळ्या कंपनीनेच पाहिल्या!

मात्र पॉलिसीधारक हयात नसल्याने हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. तेव्हा प्रस्ताव फॉर्मची प्रत कंपनीकडे लेखी मागा. उत्तरं कोणाच्या अक्षरात आहेत, फॉर्म इंग्रजी असेल तर 'मजकूर समजावून सांगितला' याखाली कोणाची सही आहे, ते नीट बघा. त्या दिवशी दुकानात असलेल्या नोकराचं किंवा शेजाऱ्याचं प्रतिज्ञापत्र करून घ्या. एजंटचे व्हॉट्सअॅप मेसेज असतील तर जपून ठेवा.

तक्रार साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येईल. नकाराच्या पत्रापासून दोन वर्षांची मुदत आहे. फी भरलेल्या हप्त्यांवर ठरते, विम्याच्या रकमेवर नाही. हप्ते पाच लाखांच्या आत असतील तर फी लागत नाही. कंपनीबरोबर एजंटलाही सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा.

दरम्यान कंपनीने हप्त्यांचे पैसे परत देऊ केले, तर 'पूर्ण व अंतिम' लिहिलेल्या पावतीवर सही करू नका.